खंडेनवमीचा रॅक

"मॅडम, तुम्ही स्वतःच्या मुलीला ही लस दिली आहे का?"

हा प्रश्न मी विचारला. भर सभागृहात, सगळ्या शाळेसमोर, माइक हातात घेऊन. आणि त्या मॅडम म्हणजे माझी आई.

पैज पुन्नीची होती. पुन्नी म्हणजे पौर्णिमा नान्हे, सहावीपासून माझ्या बाकावर बसणारी, तलावाकाठच्या ढिवर मोहल्ल्यातली, म्हणजे मासेमारांच्या वस्तीतली. तिचं म्हणणं, सगळे विचारतील ताप येईल का, हात दुखेल का. त्यात काय मजा. असं काहीतरी विचार की तुझ्या आईला घोटभर पाणी प्यावं लागेल. मागच्या बाकावरच्या साऱ्या जणी खिदळल्या. तर्री पोह्यांची पैज लागली. "विचारशील का गे?" पुन्नी म्हणाली. "का घरी जाऊन मार खाशील?"

दोन वर्षांपूर्वीची मी असते तर बाकाखाली शिरले असते. आठवीपर्यंत हजेरीला "उपस्थित" म्हणतानासुद्धा माझा घसा बसायचा. मग नववीत शाळेच्या कबड्डी सामन्यांचं धावतं वर्णन करणारी ताई ऐन वेळी आजारी पडली, सरांनी समोर दिसली म्हणून मला उभं केलं, आणि माझा आवाज मैदान ओलांडून पार तलावापर्यंत जातो हे मला आणि गावाला एकाच दिवशी कळलं. तलावात जाळं टाकून बसलेल्या पुन्नीच्या बाबांनी म्हणे तिथूनच स्कोअर ऐकला. तेव्हापासून मला कुणी थांबवू शकलेलं नाही. माइक दिसला की हात शिवशिवतात.

तर आई पाणी प्यायली. मी स्वतः पाहिलं. पेला उचलला, एक घोट घेतला, खाली ठेवला आणि मग हसली.

"दिली," ती म्हणाली. "पहिली खेप आली तेव्हा आमच्या केंद्रातल्या लोकांनी आधी आपापल्या मुलांना दिली. मी ओवीला दिली. आवाज तर काही कमी झालेला दिसत नाही."

सभागृह असं हसलं की छताखालची कबुतरं उडाली. टाळ्या पडल्या. मी खाली बसले तर पुन्नीने माझ्या पाठीत एक गुद्दा घातला, म्हणजे शाबासकी.

पालकांच्या शेवटच्या रांगेमागे पुन्नीची आई उभी होती, यमुनाकाकू. बाजारात मासे विकून थेट आल्या होत्या, अंगाला वास येतो म्हणून खुर्चीवर बसायला तयार नव्हत्या. सकाळपर्यंत त्यांचा लसीला नकारच होता. आईचं उत्तर ऐकून त्या शेजारणीला म्हणाल्या, "डाक्टरीनबाईनं आपल्या पोरीले देली, मंग आपल्याले का भेव?" आणि त्यांनी पुन्नीला रांगेत पुढे ढकललं. पुन्नीने कुर्त्याची बाही वर केली, माझ्याकडे बघून डोळा मारला, आणि त्या दिवशी आमच्या वर्गात लस घेणारी ती पहिली ठरली.

पोहे आम्ही त्याच संध्याकाळी खाल्ले. तर्री इतकी तिखट होती की पुन्नी म्हणाली, लसीपेक्षा हेच जास्त लागलं.

बाहेरगावच्या लोकांसाठी थोडं सांगते. आमच्याकडे भात आहे आणि तलाव आहेत. अजून काही असेल तर तेही भात आणि तलावच आहेत. या ओल्या मातीत एक जिवाणू राहतो. आई त्याचं नाव घेते तेव्हा मालगाडी गेल्यासारखं वाटतं, इतकं लांब. गावात त्याच्या आजाराला मातीताप म्हणतात. पायाच्या भेगेतून, गुडघ्यावरच्या खरचटण्यातून तो आत शिरतो. झडीच्या दिवसांत श्वासातूनही शिरतो. आत गेला की आपल्याच पेशींत लपून बसतो आणि मग फुफ्फुसं धरतो, रक्त नासवतो. पूर्वी तो औषधांना जुमानायचा. माझ्या जन्माच्या आसपास त्याने जुमानणं सोडलं. एकेक करून सगळी प्रतिजैविकं थकली आणि दवाखान्यात रोग्याच्या उशाशी बसून राहण्यापलीकडे कुणाच्या हातात काही उरलं नाही. दर पावसाळ्यात माणसं जायची. म्हणून तर आम्हा सगळ्या मुलांच्या मनगटावर तापपट्टी असते, रबरी बांगडीसारखी. एरवी हिरवी. अंगात ताप चढला की लाल होते आणि तिकडे आरोग्य केंद्रात घंटी वाजते.

औषध चालत नाही म्हटल्यावर राहिली लस. लस म्हणजे काय, तर सामन्याच्या आधी समोरच्या संघाच्या चढाईपटूचा व्हिडिओ आपल्या पोरींना दाखवून ठेवणं. तो कुठला पाय आधी टाकतो, कुठे बघून कुठे हात मारतो. मग तो खरोखर अंगावर आला की पोरी गोंधळत नाहीत, घोटा धरतात आणि आडवा करतात. आमच्या गावाबाहेरच्या संशोधन केंद्रात ही लस तयार झाली. आईने एकटीने नाही केली, पण उंदरांवरचं सगळं काम तिचं. लस न दिलेल्या उंदरांना हा जिवाणू टोचला की ते चार-पाच दिवसांत मरायचे. लस दिलेले दुसऱ्या दिवशी मिशा साफ करत बसायचे. ते बघून आई घरी आली होती तेव्हा तिने आम्हाला श्रीखंड आणलं होतं, हे मला अजून आठवतं.

माझी लस मे महिन्यात झाली, आईच्या हातून, आमच्याच स्वयंपाकघरात. त्याच्या पंधरा दिवस आधी बाबांनी त्यांच्या मेडिकलमधून एक गोळी आणून मला चघळायला लावली होती. केळ्याच्या खोट्या वासाची. मी विचारलं कशाला, तर म्हणाले, "सुट्टीत आंबे फार हाणतेस म्हणून." मी चघळली आणि विसरून गेले.

पाऊस जुलैत लागला आणि थांबलाच नाही. बांध्यांमध्ये भाताची रोवणी सुरू झाली. ढिवर मोहल्ल्यातल्या बायका-पोरी शिंगाड्याचे वेल लावायला तलावात उतरल्या. हे काम पायात काही घालून होतच नाही. गाळात पायाच्या बोटांनी जागा चाचपायची, वेल अंगठ्याने दाबायचा आणि पुढे सरकायचं. पुन्नी शाळा सुटली की तिथे जायची. एका रविवारी मीही गेले होते, हौस म्हणून. मला एकही वेल नीट दाबता आला नाही, दोनदा आपटले, कोपर फुटलं. पुन्नी म्हणाली, तुझे पाय शाळेत शिकलेले आहेत, त्यांना बाहेरचं काही येत नाही.

सुरुवातीला सगळे खूश होते. दरवर्षीसारखी घंटी वाजत नव्हती. गावात, पेठेत, शेजारच्या खेड्यांत माणसं भिजत होती, खरचटत होती आणि उठून कामाला लागत होती. मी कोपराला पट्टी लावून मिरवत होते. आई घरी गुणगुणायला लागली होती.

मग एके दिवशी भूगोलाच्या तासाला पुन्नीने माझ्यासमोर मनगट धरलं. पट्टी लाल होती.

आम्ही दोघी हसलोच. खरं सांगते. लस घेतलेली होती, म्हणजे सर्दी असणार. ती म्हणाली, बरं झालं, भूगोल सुटला. आरोग्य केंद्राची गाडी आली तेव्हा तिने खिडकीतून मला दप्तर सांभाळायची खूण केली. त्याच आठवड्यात मोहल्ल्यातली आणखी तिघं गेली त्या गाडीतून. सगळ्यांनी लस घेतलेली.

जिल्ह्याच्या दवाखान्यात मला चौथ्या दिवशी आत सोडलं. पुन्नीच्या तोंडावर प्राणवायूचा मास्क होता आणि प्रत्येक श्वासाला तिच्या गळ्याखालची कातडी आत ओढली जात होती. यमुनाकाकू पायांशी बसून तिचे तळवे चोळत होत्या. पुन्नीने मास्क बाजूला केला. त्यांनी तो परत लावला. तिने परत बाजूला केला.

"पैज लावतो," ती म्हणाली. आमच्याकडे मुलीसुद्धा लावतो, जातो असं म्हणतात. "इथल्या सगळ्यात मोठ्या डाक्टरले विचार. लस घेतल्यावर बी मले का झालं. नाई विचारलं तं पोहे तुझ्याकडून."

मी विचारते म्हणाले. त्यात काय, मी तर काहीही विचारते.

बाहेर आले तर पडवीत आई उभी होती. ती मला भेटायला आलेली नव्हती. ती वॉर्डाच्या डॉक्टरांशी हळू आवाजात बोलत होती आणि त्यांना मोहल्ल्यातल्या चारही पोरांची शौचाची तपासणी करायला सांगत होती. फुफ्फुसाच्या आजारात शौचाची तपासणी कशाला, असं त्या डॉक्टरांनीही विचारलं. तेवढ्यात आईने मला पाहिलं, आणि तिचा चेहरा असा होता की मी पैजेचा प्रश्न तोंडातच ठेवला.

पुन्नी गेली ती मारबतीच्या दिवशी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबतीचा पुतळा वाजतगाजत गावाबाहेर नेऊन जाळतात, आणि सगळ्या दु:खांना, रोगराईला तिच्यासोबत जा म्हणून ओरडून सांगतात. दरवर्षी ते ओरडणं माझं आणि पुन्नीचं काम. "खोकला, ताप घेऊन जा गे मारबत." त्या वर्षी रस्त्याने मारबत जात होती आणि समोरून गाडी पुन्नीला घरी घेऊन येत होती. पोरांनी ओरडणं थांबवलं. ढोल मात्र थोडा वेळ वाजत राहिला, कारण ढोलवाल्याला मागचं दिसत नव्हतं.

आई आणि मी मोहल्ल्यात गेलो. यमुनाकाकू रडत नव्हत्या. त्यांनी आईचा हात धरला आणि मान वर करून विचारलं, "लस तं घेतली होती ना जी, बाई?"

आई म्हणाली, "हो."

तेवढंच म्हणाली. परत येताना मी रस्ताभर तिच्या मागून चालत होते, आणि मला एकदम तो केळ्याचा खोटा वास आठवला. कशामुळे ते सांगता येत नाही. बाबांच्या दुकानात लहान मुलांच्या जंतांच्या गोळ्या ज्या बरणीत असतात, तिचं झाकण उघडलं की तोच वास येतो. दवाखान्यात आईने शौचाची तपासणी सांगितली होती. शौचात काय बघतात? जंत बघतात. एवढं दहावीच्या मुलीला कळतं.

मी रस्त्यातच थांबले. "आई, लसीच्या आधी मला ती गोळी का दिली होती?"

तिने मागे वळून पाहिलं नाही. म्हणाली, रविवारी केंद्रात चल.

उंदीरघरात मी आधी कधी गेले नव्हते. आत जायला अंघोळ करावी लागते, मग पांढरा अंगरखा, टोपी, मास्क, पायांना पिशव्या. एका बंद खोलीत वारा अंगावर सोडतात, धूळ जावी म्हणून. लग्नाच्या मांडवातसुद्धा कुणी एवढं स्वच्छ होऊन जात नसेल. आत रॅकवर रॅक, त्यांवर पारदर्शक पिंजरे, आणि प्रत्येकात भाताच्या तुसाच्या गादीवर गुलाबी नाकाचे उंदीर. आमच्या भागात राइस मिल गल्लोगल्ली, म्हणून अंथरायला तूसच वापरतात. पण आधी ते ऑटोक्लेव्हमध्ये घालतात. तो म्हणजे एक कपाटाएवढा कुकर. वाफेने त्यातला प्रत्येक किडा, प्रत्येक अंडं, प्रत्येक जंतू मरतो. या उंदरांच्या कित्येक पिढ्यांनी खरी माती पाहिलेली नाही.

आईने मला कोपऱ्यातल्या स्टुलावर बसवलं आणि चार वर्षांपूर्वीच्या खंडेनवमीचं सांगायला सुरुवात केली.

खंडेनवमीला केंद्रात सगळ्या यंत्रांची पूजा होते. सूक्ष्मदर्शक, तराजू, फ्रिज, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूची माळ. आणि पूजा झालेलं यंत्र त्या दिवशी चालवायचं नाही. वर्षभर राबतं, एक दिवस त्याला विश्रांती. यात कुणाला काही वावगं वाटत नाही, शास्त्रज्ञांनाही नाही. त्या दुपारी एका रॅकवरच्या पिंजऱ्यांत पाण्याच्या बाटल्या गळल्या आणि तूस भिजलं. ओल्यात उंदीर गारठतात, उद्यापर्यंत थांबता येत नव्हतं. वाफवलेलं तूस संपलं होतं. ऑटोक्लेव्हच्या दाराला माळ होती.

"माझ्याच हातांनी घातली होती ती माळ," आई म्हणाली. "ती काढवेना. वाटलं, एका दिवसाने काय होतंय." तिने मिलमधून आलेलं कोरं पोतं फोडलं आणि तसंच तूस त्या पिंजऱ्यांत अंथरलं.

पोत्यात शेतातल्या उंदरांच्या लेंड्या होत्या, आणि लेंड्यांत जंतांची अंडी. आईच्या स्वच्छ उंदरांना आयुष्यात पहिल्यांदा जंत झाले. बाहेरून काहीच दिसत नव्हतं. खात होते, पळत होते. ठरल्याप्रमाणे त्यांना लस दिली. ठरल्याप्रमाणे पुढे जिवाणू टोचला. आणि तो रॅक मेला. सगळाच्या सगळा, लस न दिलेल्या उंदरांच्याही आधी. आईने कापून पाहिले तेव्हा आतड्यांत पांढरे दोरे होते.

मी म्हटलं, मला नीट समजाव, माझ्या भाषेत.

मग तिने कबड्डीतच सांगितलं. शरीरात मारणाऱ्या पोरी असतात आणि सांभाळून घेणाऱ्या असतात. जिवाणू आला तर मारणाऱ्या लागतात. जंताला मारता येत नाही, तो मोठा असतो, त्याला मारायला गेलं तर आपलंच आतडं फाटेल. म्हणून जंत झाले की शरीर हळूहळू सगळ्या संघाला शिकवतं की दमानं घ्या, जाऊ द्या, याच्याशी जुळवून घ्या. आता अशा संघाला तुम्ही लस दिली. म्हणजे व्हिडिओ दाखवला, पण दाखवणारा शेजारी उभा राहून सांगतोय की याचा घोटा धरायचा नाही, याला जाऊ द्यायचं. आणि लसीचं मोठेपण हेच की शरीर ते विसरत नाही. पुढे खरा चढाईपटू आला की संघ त्याला ओळखतो, आणि ओळखून वाट करून देतो. लस घेतलीच नसती तर निदान गोंधळून का होईना, कुणीतरी अंगावर गेलं असतं.

"मग तू सांगितलं नाहीस?"

सांगितलं होतं. तोच तर भाग मला झोपेत आठवतो. तिने काहीच लपवलं नव्हतं. रॅक दूषित झाला म्हणून रीतसर कळवलं, आणि दूषित रॅक मोजायचा नाही हा नियम आहे म्हणून तो रीतसर वगळला गेला. जंत मुद्दाम घालून हा प्रयोग पुन्हा करू, असं ती म्हणाली होती. त्या वर्षी मातीतापाने कहर केला होता, सगळ्यांना लस हवी होती, वरचे म्हणाले नंतर बघू. मग माणसांवर चाचणी झाली ती शहरातल्या कॉलेजच्या मुलांवर. सगळ्यांच्या पायात बूट. लस उत्तम चालली.

"आम्ही उंदरांना इतकं स्वच्छ ठेवलं ओवी, की ते तुझ्यासारखे झाले," आई म्हणाली. "पुन्नीसारखे झालेच नाहीत. तो एक रॅक तेवढा झाला होता, तो आम्ही फेकून दिला."

मी म्हटलं, पण शाळेत जंतांच्या गोळ्या वाटतात ना वर्षातून दोनदा. ती म्हणाली, वाटतात. तू बूट घालून शाळेत येतेस, तुला त्या पुरतात. जो रोज तलावाच्या गाळात अनवाणी उतरतो, त्याला फेब्रुवारीत गोळी दिली तर जूनपर्यंत पुन्हा जंत झालेले असतात. आणि लस दिली जूनमध्ये. म्हणजे ज्या मातीतून मातीताप येतो त्याच मातीतून जंत येतात. ज्यांना लसीची सगळ्यात जास्त गरज, नेमका त्यांनाच तिचा दगा.

"आणि मला?"

आईने मास्कवरून हात फिरवला. "तुला म्हणून गोळी दिली. खात्री नव्हती माझी. एका रॅकवरून खात्री होत नाही. पण आई म्हणून राहवलं नाही."

माझ्यासाठी तिला खात्री लागली नाही. पुन्नीसाठी लागली. तुसावर एक उंदीर मागच्या पायांवर उभा राहून काचेला नाक लावून आमच्याकडे बघत होता. मला सभागृहातलं ते उत्तर आठवलं. दिली, ओवीला दिली. त्यात एक शब्दही खोटा नव्हता. त्या उत्तरावर यमुनाकाकूंनी पुन्नीला पुढे ढकललं होतं.

मग दवाखान्याचा अहवाल आला. चारही पोरांच्या पोटात जंत. त्यांतली तीन गेली, एक वाचला. आईने वर कळवलं. वरून उत्तर आलं की चार मुलांवरून काही सिद्ध होत नाही, नव्याने उंदरांवर प्रयोग करा, सहा महिन्यांत बघू, तोवर कुठे बोलू नका, लोक घाबरतील. आईने प्रयोग सुरू केला. उंदीरघराच्या शेवटच्या रॅकवर आता मुद्दाम जंत घातलेले उंदीर आहेत. पण लसीचा दुसरा डोस, म्हणजे संघाला तोच व्हिडिओ पुन्हा दाखवणं, दसऱ्यानंतरच्या सोमवारी होता, जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांत.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे खंडेनवमीला, बाबांनी अंगणात स्कूटर धुतली आणि तिला माळ घातली. दुकानातल्या औषधांच्या फ्रिजला घालून ते आधीच आले होते. घरातली विळी, पक्कड, शिवणयंत्र पाटावर मांडून त्यांनी मला माझी कंपासपेटी आणायला सांगितलं. आई ओट्याशी उभी होती. तिने या वर्षी पाटावर काहीच ठेवलं नव्हतं. केंद्रातल्या पूजेलाही ती गेली नव्हती. तिचा ऑटोक्लेव्ह आज चालू होता.

मी कंपासपेटी आणली नाही. मी विचारलं, सोमवारी आमच्या सभागृहात आई काय बोलणार आहे.

बाबांनीच उत्तर दिलं. ते वाईट माणूस नाहीत, कुणाला औषध उधार नाही म्हणत नाहीत. ते म्हणाले, आई तेच बोलेल जे जूनमध्ये बोलली. लसीत दोष आहे एवढा एक शब्द बाहेर गेला तर लोक पुढचं ऐकणार नाहीत. नदीपलीकडच्या गावांनी आधीच लसवाल्यांना हाकलून दिलंय. मग सगळेच मरतील.

"यंदा मागच्या वर्षीच्या निम्मी माणसंही गेली नाहीत," आई म्हणाली. ती माझ्याकडे बघत नव्हती. "जी जगली ती या लसीने जगली. तुझं कोपर फुटलं होतं त्या तलावात, आठवतं? तूही त्यांतलीच. मी चुकीची ठरले तर? आणि बरोबर ठरले तरी, लोकांनी लसच टाकून दिली तर?"

खरं सांगू, तिचं चूक नव्हतं. रात्रभर शोधूनही मला तिच्या बोलण्यात चूक सापडली नसती. फक्त मला पुन्नीचा मास्क दिसत होता, तिने बाजूला केलेला.

मी म्हटलं, लसीत दोष आहे असं सांगूच नका. आधी गोळी, पंधरा दिवसांनी लस. एवढं एकच वाक्य आहे. मला दिलंत ना तुम्ही ते वाक्य, या घरात, कुणालाही न विचारता. मग ते मोहल्ल्याला का नाही? सोमवारची लस पंधरा दिवस पुढे गेली तर जिल्हा बुडणार नाही.

"ते ठरवायचं आपल्या हातात नाही बेटा," बाबा म्हणाले.

आईने ओट्यावरचा पेला उचलला, पाहिला आणि तसाच खाली ठेवला. प्यायली नाही.

तेव्हा मी ठरवलं. म्हणजे ठरलेलं बहुतेक आधीच होतं, दवाखान्याच्या पडवीतच. शब्द तेवढे तेव्हा सापडले. मी पाटासमोर उभी राहिले आणि दोघांना सांगितलं.

"सोमवारी प्रश्न विचारा म्हटल्यावर पहिला हात माझा असणार आहे. यमुनाकाकूंना मी आज संध्याकाळी जाऊन सांगते, त्या पुढच्या रांगेत बसतील, खुर्चीवर. आई, मी तुला मॅडमच म्हणेन. मी विचारेन, मॅडम, तुम्ही मुलीला लस दिलीत, पण त्याच्या आधी तिला काय दिलं होतं? तू सांगितलंस तर मी तुझ्या शेजारी उभी राहून गावोगाव तेच सांगत फिरेन, शाळा बुडाली तरी. तू पाणी पीत बसलीस तर उत्तर मी देईन. माइक काढून घेतला तरी देईन. माझा आवाज तलावापर्यंत जातो, तुम्हाला माहीत आहे."